खोली कुठे ठेवावी

डुलुथला मार्चमध्येही सरोवर पांढरंच असतं.
उचलपुलाचा भोंगा जानेवारीपासून गप्प,
आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
एका पॅकेजच्या फायली लावत बसलेली,
कपाट आवरावं तशी.

नियम सोपा. नवख्यांना मीच शिकवते:
यंत्र बदललं की जे बदलावं लागतं, ते लिबमध्ये.
यंत्र कुठलंही असो, जे जसंच्या तसं चालतं, ते शेअरमध्ये.
चित्रं, मदतीची पानं, भाषांतरं, धोक्याच्या घंटेचा आवाज:
एकदाच ठेवायचं, सगळ्यांनी वापरायचं,
लग्नघरातल्या सतरंजीसारखं.

मिरजेहून आणलेला मिक्सर इथल्या एकशेवीस व्होल्टवर
म्हाताऱ्या बोक्यासारखा गुरगुरतो, वाटत काही नाही.
तो लिब.
पुरणयंत्र हाताने फिरतं. शेअर.
असं सगळं घरच मी मनाशी वाटून टाकलं होतं.
आकडे तर अर्थातच शेअरमध्ये.
आकड्याला कुठलं आलंय गाव?

मग तोइवो मत्तिलाचं पत्र आलं.
काठाकाठाने वर, टू हार्बर्सला राहतो.
त्याच्या बोटीच्या शेडमध्ये एक जुनं यंत्र आहे,
बाइट उलट्या क्रमाने वाचणारं,
थोरला आधी, धाकटा मागून.
'बाई, माझ्या धक्क्यापाशी तुमचा नकाशा
दोन हजार तीनशे चार फूट पाणी दाखवतो.
मी तिथे बांबू टेकवून पाहिला. नऊ फूट आहे.
अख्खं सरोवरसुद्धा एवढं खोल नाही.'

फाइल उघडली. खोलीची फाइल.
सहा वर्षं शेअरमध्ये, माझ्याच हाताने ठेवलेली.
दोन बाइट: आधी नऊ, मग शून्य.
माझं यंत्र धाकट्यापासून मोजतं, म्हणून मला नऊ.
त्याचं थोरल्यापासून.
खोटं कोणीच बोलत नव्हतं.

त्याच रविवारी बाबांचा फोन. माझे हात कणकेत.
म्हटलं, शाल्मली, लिहून घे गं,
डॉक्टरांनी काय काय मोजलंय ते.
ते सांगत गेले, ती लिहीत गेली.
हात पुसून कागद पाहिला.
वजन २५.

काय हसलो आम्ही!
आजोबांना बॅगेत घालून आणू म्हणाली,
दोन किलोंचे जादा पैसे भरू विमानात.
मग जरा थांबून,
'पण ते दोनच आधी म्हणाले, आई.
बा. मग वन्न.'

बावन्न.
आमच्याकडे धाकटा आधी येतो,
हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.
मलाच कुठे माहीत होतं?
जन्मभर तसं म्हणत आले, ऐकलं नव्हतं.

हसू तिथेच राहिलं, कणकेच्या परातीपाशी.
दिवाळीत एकसष्ट होते.

रात्री फाइल हलवली.
शेअरमधून काढली, लिबमध्ये ठेवली,
प्रत्येक यंत्राला त्याची त्याची खोली.
जागा जास्त लागते. लागू दे.
बदलांच्या नोंदीत एवढंच लिहिलं:
खोली सगळीकडे सारखीच वाचली जाते असं धरलं होतं. चूक माझी.

सकाळी तोइवोचं उत्तर. एकच शब्द.
नऊ.
मी कितीतरी वेळ त्या नऊकडे पाहत राहिले.

तिकिटाच्या पानावर तारीख भरताना
महिना आधी की दिवस, तीनदा पाहिलं.
बाबांना फोनवर अक्षरी सांगितलं: पाच एप्रिल.
ते म्हणाले, मुद्दाम कशाला? मी बरा आहे.
मग थोड्या वेळाने म्हणाले,
येतेच आहेस तर तो मिक्सर घेऊन ये.
इथे चालेल.